हिरवी खूण

त्या वसाहतीत तिला सगळे हेडबाई म्हणायचे, पण तिची पाठ वळल्यावर. कचऱ्याच्या गाडीवरच्या बाईला असं नाव पडलं ते तिच्या आवाजामुळे. "ओल्यात प्लास्टिक कुणी टाकलं?" असा जिन्यातून सवाल आला की वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजरसुद्धा लगबगीने आपली बादली तपासायला धावायचे.

नियम तसे साधे होते. हिरव्या बादलीत ओला कचरा, निळ्या बादलीत सुका, आणि ब्लेड, सुया, उरलेली औषधं कागदात गुंडाळून वेगळी. प्रत्येक दारावर त्या घराच्या कोडची एक पाटी होती. हेडबाई हातातलं यंत्र त्या पाटीसमोर धरायची, बादल्यांत डोकवायची आणि बटण दाबायची. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. नापास झालेल्यांचा कचरा दारातच राहायचा, त्या घराच्या नावे नोंदवलेल्या फोनवर तसा निरोप जायचा, आणि पुन्हा पुन्हा लाल झालं की निरीक्षक घरी येऊन ठाण मांडायचा. लाल दाबताना हेडबाईने कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. स्वतःच्या भाच्याच्या सासुरवाडीलाही तिने एकदा नापास केलं होतं. तो अबोला अजून सुटलेला नाही.

तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एक म्हातारी शिंपीण एकटी राहायची. नवरा कधीच गेला होता आणि एकुलता मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. आजींचं उभं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं होतं. आताही शेजारपाजारचे पडदे आणि उशांचे अभ्रे त्या शिवून द्यायच्या. हेडबाईच्या लेखी त्या वर्गात पहिल्या होत्या. चिंध्यांचं गाठोडं वेगळं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या, मोडक्या सुया काडेपेटीत घालून वर कागद.

आणि एका सकाळी त्यांच्या ओल्या बादलीत बटाट्याच्या सालांबरोबर चिंध्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी चहाचा चोथा निम्मा बादलीत आणि निम्मा फरशीवर. पुढे एकदा सुक्यात अंड्याची टरफलं. हेडबाईने दार वाजवलं.

"आजी, हे काय चाललंय? लाल करू का आता?"

आजी दारात आल्या त्या चौकटीला खांदा धडकवूनच. हेडबाई जरा बाजूला उभी होती. आजींनी समोरच्या रिकाम्या जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे गेलीस गं?"

 तिने आजींना आत नेऊन खुर्चीत बसवलं.

"डोळ्यांना कमी दिसतंय ना? खरं सांगा."

"काही नाही झालं डोळ्यांना," आजी फणकारल्या. त्यांनी शिवणयंत्रावर ठेवलेली सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका फटक्यात ओवून दाखवलं. "हे बघ. तुला तरी जमेल का? शिंप्याच्या डोळ्यांची परीक्षा हीच."

आजी परीक्षेत पास होत्या यात वाद नव्हता. हेडबाईने मान डोलावली. सुईचं नेढं दिसतं त्या बाईला काय धाड भरली आहे? वय झालं, दुसरं काय. आजींनी मात्र तिचा हात धरून ठेवला.

"फक्त कडेचं जरा सुटतं. नळीतून बघावं तसं. तू लाल नको करूस. निरोप पोराच्या फोनवर जाईल. तो आधीच म्हणतोय, आई, खोलीला कुलूप लाव आणि इकडे ये. तिकडे सातव्या मजल्यावर मी काय करू? सून कामावर, पोरं शाळेत, आणि मी त्या भिंतींकडे बघत बसू? मला इथेच मरू दे, बाई."

दुसरं कुणी असतं तर हेडबाईने ऐकलं नसतं. पण तिच्या आईचंही म्हातारपण असंच गेलं होतं. शेवटी शेवटी आईचं भान हरपलं, आणि भावांनी तिला या घरातून त्या घरात फिरवलं. ती गेली तेव्हा धाकट्याच्या घरात, चपलांच्या कपाटाशेजारी टाकलेल्या खाटेवर होती. कुणाचं घर आहे हेही तिला माहीत नव्हतं. हेडबाईला त्या खाटेची अजून लाज वाटते. तिने आजींच्या ओल्या बादलीच्या कडीला एक चिंधी बांधली.

"हाताला चिंधी लागली की ओला. नाही लागली की सुका. कळलं?"

"कळलं, हेडबाई," आजी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

चिंधीने थोडे दिवस भागलं. मग पुन्हा सगळ्याचा काला होऊ लागला. आता हेडबाई जिन्याखाली बसून आजींच्या बादल्या स्वतः निवडायची, मग यंत्र धरायची आणि हिरवं दाबायची. हे नियमात बसत नव्हतं; कामगाराने कुणाचा कचरा उपसायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. एकदा सालांतून सुई निघाली आणि हातमोज्यातून थेट बोटात घुसली. तिने बोट दाबलं आणि पुढचं निवडायला लागली.

गाडीचा ड्रायव्हर रोज पाहत होता. "बाई, बाकीच्यांना तुम्ही फोडून काढता आणि या आजींचा पेपर स्वतःच सोडवता. पकडल्या गेलात तर?"

"तू पुढे बघून गाडी हाक."

"निरीक्षकाला एकदा येऊ दे की. तो काय खाणार आहे त्यांना? बघेल, घरी कळवेल."

"तेच तर नकोय," हेडबाई म्हणाली.

असं कित्येक महिने चाललं. खोटं कशाला सांगू, हेडबाईला त्यात समाधान होतं. आपल्या एका बटणावर एका म्हातारीचं घर उभं आहे, असं तिला वाटायचं. आईसाठी जमलं नाही ते इथे जमतंय, असंही.

मग एका दुपारी आजी फाटकाबाहेर पडल्या आणि बाजूने येणारी सायकल त्यांना दिसलीच नाही. मनगट मोडलं. शेजारणीने मुलाला फोन केला. तो आला, हाताला प्लास्टर झालं, आणि डॉक्टरांनी सहज म्हणून डोळे तपासायला पाठवलं.

काही दिवसांनी सकाळी हेडबाई त्या दारापाशी आली तेव्हा खोली रिकामी होत होती. शिवणयंत्र हमालांच्या हातात होतं. आजी मुलाचा दंड धरून दारात उभ्या होत्या. मुलगा चाळिशीतला, थकलेला, भला माणूस दिसत होता.

"कचरा नाही आज," तो म्हणाला. "आईला घेऊन चाललोय. काचबिंदू आहे. कडेची नजर आधी जाते म्हणे, मधली राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर थेंबांवर भागलं असतं. आता गेलेलं परत यायचं नाही, आणि राहिलंय तेही टिकेल की नाही, सांगता येत नाही."

हेडबाईने यंत्र पाटीसमोरून खाली घेतलं.

"मी तिला रोज विचारायचो," मुलगा सांगतच राहिला. "ती म्हणायची, सुई ओवतेय मी. पण मी नुसत्या तिच्या शब्दावर नव्हतो. रोज सकाळी तुमची हिरवी खूण फोनवर बघायचो. वाटायचं, कचरा इतका नीट वेगळा करतेय म्हणजे आई ठीक आहे. इथल्या बाई फार कडक आहेत, असं तिनेच सांगितलं होतं. त्यामुळे भरवसा होता. मग मी चहा घ्यायचो आणि कामाला लागायचो."

लाल निरोप फोनवर जातो हे हेडबाईला ठाऊक होतं. हिरवाही जातो, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. महिनोन्महिने रोज सकाळी ती या माणसाला सांगत आली होती की तुझी आई बरी आहे.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "त्या खुणा..."

"माझा कचरा मी नेहमी वेगळाच केला," आजी मोठ्याने म्हणाल्या. त्या हेडबाईच्या दिशेने नव्हे, भलतीकडेच बघत होत्या. "या बाईला विचार. चल आता, उशीर होतोय."

 हेडबाई खरं बोलली असती तर नोकरी गेली असती; पण ती गप्प राहिली ते नोकरीसाठी नव्हे. आजींची पहिली आलेली विद्यार्थिनी म्हणून जाण्याची इच्छा होती, आणि तीही मोडायची ताकद तिच्यात नव्हती. मायलेकांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसं ती भिंतीला टेकून रडली. कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने तिला बोलवायला हॉर्न वाजवला नाही.

मग ती दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथल्या एका दारात ओल्या कचऱ्यात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. तिने यंत्र धरलं, लाल दाबलं, आणि नापास केलेल्या दारात आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: घंटा वाजवली.

"घरात सगळे बरे आहेत ना?" तिने विचारलं.

दार उघडणाऱ्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला काय करायच्यात चौकशा? कचरा घ्यायचा तर घ्या," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.