काशीच्या नावानं पट्टाया

पट्टायाला नवरा-बायकोनं चार दिवस जायचं तर काय बघावं, असं कुणी विचारलं तर मी फाडफाड सांगते. टेकडीवरचा सोनेरी बुद्ध बघा, समुद्राकाठचं लाकडी देऊळ बघा, बोटीनं बेटावर जा. सांगताना रंगून जाते आणि मग माझंच तोंड कडू होतं. कारण आमच्या नांदेडकडच्या गोरेगावात आजही पुष्कळ लोकांना वाटतं, की त्या साली आम्ही काशीला गेलो होतो.

आमच्या यांचं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. माल जास्त खपवला की कंपनी दुकानदारांना थायलंडला, पट्टायाची सहल द्यायची. आदल्या साली नुसते पुरुष गेले होते, आणि परत आल्यावर बाजारात त्यांची अशी टिंगल झाली की विचारू नका. ते गाव तसल्या धंद्यासाठीच बदनाम. म्हणून कंपनीनं शहाणपणा केला आणि या खेपेला जोडीचं तिकीट दिलं.

"आबाला काय सांगू?" हे डोकं धरून बसले. "बायकोला घेऊन तसल्या गावाला चाल्लो म्हनू?"

"काशीला चाल्लो म्हना," मी म्हणाले. हो, ही अक्कल माझीच. यांच्या डोक्यातून एवढं काही निघालं नसतं.

सासऱ्यांना हे आबा म्हणायचे, मी मामा. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. चाऱ्यासाठी पैनगंगा ओलांडून ते महिने न् महिने विदर्भात फिरायचे. सासूबाई गेल्या आणि गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून घरच्या शेळ्या आणि ते. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, आणि बोलणंही कामापुरतंच. काशीचं ऐकून ते म्हणाले, "जा बापा, चांगलं हाये. घराची काळजी करू नका, मी हाये." अंगावर ओरडले असते तरी बरं वाटलं असतं.

विमानात बसल्यापासून माझ्या डोळ्यांपुढं मामाच. हॉटेलात सकाळी फळांचे ढीग मांडलेले. मी अननसाची फोड उचलली आणि वाटलं, मामा आता शिळी भाकर दुधात कुस्करत असतील. हे तिथून गावाकडं शेजाऱ्यांच्या घरी फोन लावून बोलायचे, "आबा, लई थंडी हाये काशीत!" अंगात अर्धी चड्डी आणि कपाळावर घाम. मी हसू दाबत होते. मग लाज वाटून खोलीत जाऊन बसले.

लाकडी देवळाचं काम अजून चालूच होतं. आत जाताना डोक्यावर हेल्मेट देतात. बाया छिन्नी-हातोडी घेऊन लाकूड कोरत बसलेल्या. मी मान वर केली तर समोर गणपती! "अगं बाई," मी म्हणाले, "यानं इथंबी गाठलंच की आपल्याला." हे म्हणाले, "झालं ना दर्शन? आता खोटं तेवढं कमी झालं." काय माणूस आहे! पण मीही काही कमी नाही. टेकडीवर मोठ्या बुद्धाभोवती वारावाराचे वेगळे बुद्ध आहेत, ज्यानं त्यानं आपल्या जन्मवाराच्या बुद्धापुढं हात जोडायचे. मला माझा जन्मवार ठाऊक नाही. मी सगळ्यांनाच हात जोडले, म्हटलं पाप तेवढं वाटून जाईल.

मग बेटावर गेलो. साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिले. लाट परतली तशी पायाखालची वाळू सरकली आणि मी किंचाळून यांचा दंड धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत कधी धरला नव्हता. दोघंही वेड्यासारखे हसलो. मी इतकी सुखात होते की मला माझीच भीती वाटली.

येताना नांदेडला उतरून पूजेच्या दुकानातून गंगाजलाच्या गडव्या, काळे दोरे आणि पेढे घेतले. उन्हानं आम्ही दोघं काळेठिक्कर पडलेलो. मामा बघून म्हणाले, "काशीत ऊनबी लई दिसतंय." हे खोकायला लागले.

मला वाटलं, सुटलो. कशाचं काय! काशी करून आलं की मावंदं घालावं लागतं, भावकीला पुरणाचं जेवण द्यावं लागतं, हे मी विसरलेच होते. मामा काठी टेकत स्वतः घरोघर आवतन देऊन आले. दारात मांडव पडला. यात्रेहून आलेल्याच्या पाया थोरामोठ्यांनीही पडायचं, अशी रीत. म्हाताऱ्या बाया माझ्या पायावर डोकं ठेवत होत्या आणि मी जमिनीत जात होते.

शेवटी मामा उठले. आधी यांच्या पाया पडले. हे खांबासारखे उभे, डोळे मिटलेले. मग मामा माझ्याकडं वळले, सुनेकडं. मी मागं सरले. "मामा, नका."

"न्हाई म्हनू न्हाई बाई. काशीची धूळ हाये."

मला राहवलंच नाही. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "मामा, आमी काशीला न्हाई गेलतो. पट्टायाला गेलतो. परदेशात, समुद्रावर."

मामा काठीवर तसेच थांबले. माझ्याकडं बघितलं, मग पंगतीकडं बघितलं. "आता गप ऱ्हा," हळूच म्हणाले, "लोकं पाहून राहिले." आणि वाकले, माझ्या पायाला हात लावला, तो कपाळाला लावला. सगळ्यांदेखत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पंगती उठल्यावर मामा शेळ्यांपाशी जाऊन बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. वाटलं, आता शिव्या खायच्या. खायलाच पाहिजेत.

मामा म्हणाले, "समुद्र पाहिला?"

"व्हय."

"पल्याडचा काठ दिसते का?"

"न्हाई दिसत, मामा. पानीच पानी."

"अन् पानी खरंच खारट ऱ्हाते?"

मी सांगत गेले. लाटा कशा येतात, वाळू कशी सरकते, निळं पाणी काठाशी येऊन पांढरं कसं होतं. मामा लेकरासारखे पुढं सरकून ऐकत होते. "आन्‌खी सांग," म्हणत होते. माझा पदर कधी खांद्यावर आला, ते मलाही कळलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

मग ते थांबले. "मला देवाधर्माचं काय एवढं न्हाई," म्हणाले. "काशीला चाल्लो म्हनले तवा मलाबी न्या म्हनलो न्हाई. पन एवढा मुलूख पायानं तुडवला, अन् समुद्र काई पाहिला न्हाई. मला काहून इचारलं न्हाई?"

"जोडीचंच तिकीट व्हतं, मामा."

"व्हय, बराबर हाये," मामा म्हणाले. "पन इचारायला काय तिकीट लागते का, बाई?"