न उघडणारी बोटं

रनाळ्याच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला मला शाल पांघरवतात आणि माझ्या शौर्यावर कुणीतरी भाषण ठोकतं. मला त्याचा राग येतो. लढाईत मी जखमींचं स्ट्रेचर उचलायचो. त्यात शौर्य किती होतं ते मला विचारा.

त्या दिवशी उतारावर तोफगोळे पडत होते. गोळ्याची शिट्टी ऐकू आली की जो तो जमिनीला चिकटायचा. आम्हा दोघांना तेवढंही जमत नव्हतं. पुढचे दांडे जोडीदाराच्या हातात, मागचे माझ्या, आणि मध्ये पोटाला पट्ट्या बांधलेला जवान. हात सोडले असते तर तो थेट दरीत गेला असता. कानसुद्धा झाकता येत नव्हते. मला स्ट्रेचर सोडून पळायचं होतं, अगदी मनापासून. पण भीतीने बोटं दांड्यांवर अशी आवळली होती की ती उघडतच नव्हती. खाली पोचल्यावर डॉक्टरांनी ती एकेक करून सोडवली.

अजूनही गावात वरातीपुढे सुतळी बॉम्ब फुटला की लोक कानांवर हात ठेवतात. माझ्या मात्र दोन्ही मुठी मांड्यांशी आवळतात आणि अंगाला दरदरून घाम फुटतो. बायकोला ते ठाऊक आहे. गर्दीतून ती जवळ येते, माझं एकेक बोट उघडते आणि हळूच म्हणते, "सोडा आता. तो जवान पोची गया."