वन्संचं मागणं

आमच्या थोरल्या वन्सं देवळात गेल्या तर देवाकडंसुद्धा जुनी शिलाई मशीन मागून येतील, याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नाही. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर बायका नातवंडं खेळवतात. वन्संनी बेंबळीत पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि पोरापोरींना वायरिंग, वेल्डिंग, शिवणकाम शिकवायची शाळा काढली. फी नाही. कारागीर मास्तरांचा पगार, विजेचं बिल, शेडचं भाडं, सगळं वन्संच्या जिभेवर चालतं.

त्या येतात त्याच वाऱ्यासारख्या. चहा उभ्यानंच, बशीत ओतून. नजर मात्र घरभर फिरत असते. "वैनी, ह्यो पंखा कुरकुरतोय. दे की पोरांना शिकायला." पंखा जातो, दुरुस्त होतो, दुसऱ्याच कुणाला विकला जातो, शाळेचं बिल भरलं जातं आणि आम्ही उन्हाळाभर पुठ्ठ्यानं वारा घेतो. लोहाऱ्याच्या एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या वडलांना गाठून पंगतीतली जिलबीच रद्द करायला लावली आणि तिचे पैसे शाळेसाठी घेतले. वर माइकवरून जाहीर केलं, "मंडळी, जिलबीच्या वेल्डिंगच्या काड्या झाल्या हायत. टाळ्या वाजवा!" लोकांनी वाजवल्या. त्या वऱ्हाडातली काही माणसं अजून आमच्याशी बोलत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात वावधान सुटलं आणि त्या सोसाट्याच्या वाऱ्यात शेडचे पत्रे उडाले. वर्ग उघड्यावर आला, पावसाळा तोंडावर, आणि मालकानं हात वर केले. वन्सं मला ओढत धाराशिवच्या एका आडत व्यापाऱ्याकडं घेऊन गेल्या. माणूस भला होता. सगळं छप्पर घालून देतो म्हणाला. अट एकच. "थोडी का होईना, फी लावा. फुकट दिलं की पोरं टिकत नाहीत."

वन्सं उठल्याच. "शेठ, फी लावली की आधी कोण गळंल, ठावं हाय का? पोरी. घरचे म्हणतील, भावाची भरू, हिला काय करायचंय शिकून?"

"बाई, जरा विचार करा."

"लई केलाय," म्हणत त्या पायऱ्या उतरल्यासुद्धा. हातातलं छप्पर घालवलं म्हणून मला असा राग आला होता! स्टँडवर पोचेपर्यंत त्यांनी वाटेतल्या दोन अनोळखी बायकांना घरी जुने पत्रे आहेत का, हेही विचारून घेतलं होतं.

पत्रे शेवटी मिळाले ते शबानाच्या अब्बांकडून. शबाना याच शाळेत वेल्डिंग शिकलेली. अब्बांचं भंगाराचं दुकान. टेम्पो शेडपाशी लावून ते म्हणाले, "आपा, जुने हायत, पर गळायचे न्हाईत." शबाना आणि आणखी दोघी वर चढल्या. ठिणग्या उडू लागल्या. निळा, लाल, गंजका, ठिगळं लावल्यासारखं छप्पर झालं. खाली वन्संच्या येरझारा, "दमानं गं, दमानं!"

काम आटोपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "वैनी, गुडघे आता ऐकत न्हाईत. माझ्यामागं मागणारं कुणीतरी पायजे. तू येशील?"

"मला नाही जमायचं, वन्सं. लोकांपुढं हात पसरायची लाज वाटते मला."

"मला वाटत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "दर दाराशी वाटती. अजून."

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना तेरला एका गिरणीवाल्याकडं जायचं होतं. मी त्यांची पिशवी घेतली आणि त्यांच्या मागोमाग एस.टी.त चढले. वन्सं खिडकीशी बसल्या. बाहेर बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान दिला. गिरणीवाल्यापुढं काय बोलायचं, ते पाठ करत होत्या.