शेळीपर्यंतचा रस्ता

डॉक्टरअण्णा कुणाच्याही दारात गेले की आधी शेळीची विचारपूस करायचे, मग माणसांची. अंगणात पाऊल टाकता टाकताच विचारायचे, "काय गं, पोट बरं आहे का?" एकदा हा प्रश्न आपल्यालाच आहे असं समजून एका नव्या सुनेने पदर सावरत उत्तर दिलं, "व्हय, आता बरं हाय की." अण्णांनी चेहरा जराही न बदलता तिला जेवणाखाण्याचं विचारलं, ओवा चावून खायला सांगितलं आणि मगच ते दाव्याला बांधलेल्या खऱ्या पेशंटकडे वळले.

ते जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. सारी नोकरी दक्षिण सोलापूर, मंगळवेढा, सांगोला अशा कोरड्या मुलखात गेली. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि शेळ्यांशी दोन्ही. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक सकाळी फिरायला जाऊ लागले, हे मात्र स्कूटर काढून मंद्रूपच्या बाजाराला जायचे. काही विकत घ्यायचं नसायचं. "ओळखीची तोंडं बघून येतो," म्हणायचे. त्यांतली निम्मी तोंडं चार पायांची असत.

माझी त्यांची गाठ पडली ती मात्र जनावरांमुळे नव्हे, क्रिप्टोमुळे. सोलापूरची पुष्कळ मुलं पुण्या-बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकऱ्या करतात. त्यांतल्या काहींनी आभासी चलनात बऱ्यापैकी कमाई केली होती आणि त्यातला थोडा वाटा गावाकडे द्यावा असं त्यांच्या मनात होतं. अशी दानं क्रिप्टोतच स्वीकारून गरजू बायांना शेळ्या घेऊन देणारी एक छोटी संस्था पुण्यात निघाली. तिच्या सोलापूरच्या कामासाठी मला नेमलं. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या वरची खोली, हे आमचं ऑफिस. खाली साड्यांचे गठ्ठे उघडत असायचे आणि वर मी लोकांना ब्लॉकचेन, म्हणजे या आभासी नाण्यांची सगळ्या जगाला उघडी हिशेबवही, समजावत असायची.

दान देणाऱ्यांनी एक अट घातली होती. शेळ्या खरोखर पोचल्या का, हे संस्थेबाहेरच्या माणसाने तपासावं. कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. मानधन घेणार नाही, पेट्रोल तेवढं घेईन, असं म्हणत ते जिना चढून आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं तंगी, दाखव तुझं दुकान." मी गडबडले. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे मला ठाऊक होतं, पण देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात रोज मोठ्याने "तंगी आहे का?" अशी हाक यावी, हे जरा जडच होतं. खालचे दुकानदार तर वर मान करून विचारायचे, "काय मॅडम, अजून हायच का?"

मी त्यांना मोठ्या अभिमानाने आमची व्यवस्था दाखवली. कुणी, केव्हा, किती नाणी दिली, ती संस्थेच्या वॉलेटमध्ये कधी आली, कधी विकली, सगळं पडद्यावर. जगातल्या कुणीही बघावं. खोडता येत नाही, लपवता येत नाही. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "झकास आहे. पण हे दिसतं कुठपर्यंत?"

"नाणी विकून पैसे बँकेत येईपर्यंत."

"आणि शेळीपर्यंत?"

"त्यानंतर फोटो असतात अण्णा."

"म्हणजे मंद्रूपपर्यंत हायवे," ते म्हणाले, "आणि पुढं वस्तीवर जायला चिखलच की!"

मग त्यांनी ताजे फोटो मागवले. मंद्रूपच्या पलीकडच्या एका धनगर वस्तीतल्या बायांचे होते, प्रत्येकीच्या शेजारी तिची शेळी. अण्णा एकेक फोटो बघत गेले आणि अचानक हसायला लागले. इतके हसले की चहा आणणारा दारातच थांबला. "तंगी," ते म्हणाले, "बाई दर फोटोत वेगळी आहे. शेळी एकच आहे!"

मी निरखून बघितलं. कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग किंचित वाकडं. प्रत्येक फोटोत तीच ती, कॅमेऱ्याकडे बघत उभी. मी फोटो पुन्हा पहिल्यापासून बघू लागले. अण्णा मात्र टोपी घालून उठलेसुद्धा. "चल, हिरॉईनला भेटून येऊ."

न सांगता वस्तीवर गेलो. पहिलं घर रुक्माबाईंचं. धिप्पाड बाई, बोलणं खणखणीत. शेळी कुठाय विचारल्यावर त्या आत गेल्या आणि जरा वेळाने ठिपकेवालीला घेऊन आल्या. अण्णांनी तिचे डोळे बघितले, पोट चाचपलं, शाबासकी दिली. दुसऱ्या घरी गेलो. तिथल्या बाईनेही "आणते की" म्हणून घरामागे धाव घेतली आणि घेऊन आली ती ठिपकेवालीच. अण्णांनी पुन्हा डोळे बघितले, पुन्हा पोट चाचपलं. चेहऱ्यावर काही नाही. तिसऱ्या घराशी आम्ही पोचलो तेव्हा शेळी आमच्याआधीच हजर होती आणि चक्क धापा टाकत होती.

अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. तिचा कान कुरवाळत म्हणाले, "दमलीस का गं बाई? एकटीनं किती घरचा संसार करायचा?"

मागे जमलेल्या बायांत आधी एक खुसखूस झाली आणि मग सगळ्या हसत सुटल्या. फक्त रुक्माबाई हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या आणि अण्णांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"मेल्या वो सायेब," त्या म्हणाल्या. "पाऊस पडला, कवळं गवत आलं, आन एकेक करून मेल्या. सांज्याला चरून आलेली सकाळी न्हाय. ही तेवढी एक ऱ्हायली. सांगितलं तर लोक म्हनतील, ह्या बायांना शेळी संबाळता येत न्हाय. मग फुडच्या बायांचं बी बंद हुईल. म्हनून गप बसलो."

अण्णांचं हसू कुठल्या कुठे गेलं. "लस कुणी टोचली होती?" त्यांनी विचारलं.

"कुनीबी न्हाय. येनार म्हनले हुते. आलंच न्हाय कोन."

कोवळ्या गवताने पोटात विष होऊन शेळ्या अशा मरतात आणि त्यावरची लस पावसाआधी द्यायची असते, हे अण्णांनी मला तिथेच समजावलं. मग ते बायांकडे वळले. "शेळी मेली तर मेली म्हणून सांगायचं. लाजायचं न्हाय. मेलेली कळली, तरच फुडची वाचती." मला ते वाक्य आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

लसीचं काय झालं, ते शोधायला चिखलात जावं लागलं नाही. ते आमच्या हायवेवरच होतं. लस आणि विम्यासाठी दिलेली नाणी उन्हाळ्यातच आली होती आणि पावसाळा उलटेपर्यंत वॉलेटमध्ये नुसती पडून होती. भाव वाढेल, चार शेळ्या जास्त येतील, म्हणून संस्था चालवणारे पुण्याचे आमचे सर थांबले होते. भाव वाढला नाही, कोसळला. सगळं उघड्यावर होतं. बघायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

सर पुण्याहून आले. माणूस वाईट नव्हता. हेतू चांगलाच होता, म्हणून तर त्यांना जास्त लागलं. अण्णांचा अहवाल वाचून ते म्हणाले, "अण्णा, हे असं छापलं तर देणारे पळून जातील. थोडं सौम्य करता येईल का?"

"कुठलं सौम्य करू? शेळ्या मेल्या हे, का लस आली नाही हे?"

"पण मी बायांच्या फायद्यासाठीच थांबलो होतो."

"सर, दानाचं नाणं दुधासारखं असतं," अण्णा शांतपणे म्हणाले. "घरात आलं की तापवायचं. भाव बघत बसलं की नासतं. आणि वॉलेट उघडं आहे म्हणून जगाला सांगता, मग तोंड का झाकता? सौम्य पाहिजे असेल तर दुसरा डॉक्टर बघा. माझी सही ह्याच्यावरच."

खाली कुणी तरी पैठणीचा भाव पाडून मागत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. माझी नोकरी आज जाणार, असं मला वाटत होतं. सरांनी अहवाल उचलून खिडकीशी नेला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "छापा. आणि शेवटी चूक माझी, असं माझ्या नावानं लिहा."

अहवाल जसाच्या तसा संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर गेला. काहीजण खरंच पळाले, जाताना चार कडक शब्द ऐकवून गेले. पण बरेच राहिले. बंगळूरच्या एका मुलीने लिहिलं की आजवर इतके हसरे फोटो बघितले, पण विश्वास बसला तो ह्याच कागदावर. तिने पुढच्या लसींचा सगळा भार उचलला. तेव्हापासून नाणं आलं की त्याच दिवशी विकायचं, लस आधी आणि शेळी नंतर, असं ठरून गेलं. रुक्माबाई लस टोचायला शिकल्या. वस्तीची खबर त्या फोनवर स्वतःच्या आवाजात पाठवू लागल्या आणि आम्ही ती तशीच देणाऱ्यांना ऐकवू लागलो. "पारूची शेळी आजारी हाय. धुरपाच्या शेळीला जुळी झाल्याती. धुरपा लई फुगलीया." तसल्या बातम्यांसाठी मुलं म्हणे ऑफिसात कानाला यंत्र लावून बसायची.

पुढे काही देणारे वस्ती बघायला आले. पांढरे बूट, हातात फोन. शेळीला कडेवर घेऊन फोटो काढायची त्यांची इच्छा होती. अण्णांनी त्यांच्या हातात खराटा दिला. "आधी गोठा झाडा. शेळीची ओळख झाल्याशिवाय ती फोटो देत नाही." पोरांनी खरंच गोठा झाडला. जाताना त्यांच्या बुटांचा रंग कुणाला सांगता आला नसता, पण सगळे खूश होते. रुक्माबाईंनी त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

मग अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या, अण्णांचे गुडघे धरले आणि हुबळीच्या मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघण्याच्या दिवशी रुक्माबाई एक तांबडं करडू काखेत मारून सोलापुरात त्यांच्या दारात आल्या.

"अगं, फ्लॅटात कुठं बांधू?" अण्णा म्हणाले.

"न्हेऊ नका. माझ्याकडंच ऱ्हाऊ दे. पर तुमची हाय. वर्साला येऊन बघून जावा."

अण्णांनी करडाला हातात घेतलं, त्याचे डोळे बघितले, पोट चाचपलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. गाडी सुरू झाली तेव्हा मात्र काच खाली करून ओरडले, "तंगी, सांभाळून!" आणि रस्त्यावरचे लोक माझ्याकडे दयेने बघू लागले.

ते दर वर्षी येत राहिले. काठी घेऊन, नातीच्या खांद्यावर हात ठेवून, पण यायचेच. त्यांची शेळी मोठी झाली, व्यायली. मग एका वर्षी आले नाहीत आणि त्या हिवाळ्यात हुबळीहून फोन आला की अण्णा झोपेतच गेले.

ही बातमी फोनवर द्यायचा मला धीर झाला नाही. मी वस्तीवर गेले. रुक्माबाई गोठ्याच्या दाराशी होत्या. ऐकून त्यांनी हातातला पाला खाली ठेवला. मग अंगणातल्या अण्णांच्या शेळीकडे बघत म्हणाल्या, "कालच व्याली. तीन झाल्याती. आता कुनाला सांगू?"

"मला सांगा," मी म्हणाले.

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि गोठ्याचं दार उघडून मला आत घेतलं. "ये तंगी," त्या म्हणाल्या. "दोन तांबडी हायेत. तिसरं काळं हाय, ते जरा अशक्त हाय. हात लावून बघ."