आमच्या घरावर पडलेली बाग

"अज्जी, इथं घर नाही," अधिकारी म्हणाला. टेबलावर पसरलेल्या नकाशावर त्यानं बोट ठेवलं होतं. बोटाखाली हिरवा रंग होता. "इथं बाग आहे. लहान मुलांची."

मी म्हटलं, "मी तिथनंच आलेय. भाकरी थापून."

त्यानं नकाशा माझ्याकडं फिरवला. ओढा, शाळा, मारुतीचं देऊळ, सगळं जागच्या जागी होतं. आमच्या घराच्या जागी तेवढी बाग होती. माणूस वाईट नव्हता. मराठीत बोलत होता, मला बसायला खुर्चीही दिली होती. मी नगररचनेच्या ऑफिसात स्लॅबच्या परवानगीचा अर्ज घेऊन गेले होते. घराची मधली तुळई वाळवीनं पोखरलेली, कौलं खाली आलेली, स्वयंपाकघरावर ताडपत्री. अजून एक पावसाळा ते घर काढेल असं कुणी म्हणत नव्हतं.

"बागेच्या जागेत नवं बांधकाम करता येत नाही," तो म्हणाला. "जुनं पडलं तरी परत बांधता येणार नाही."

म्हणजे घर पडेपर्यंत घरात राहायचं आणि मग बागेत.

सून माझ्याबरोबर होती. तिनं विचारलं, हे ठरलं कधी? तो म्हणाला, या नकाशाचा मसुदा दोन महिने गावात लावला होता, हरकती मागवल्या होत्या. "तुमच्या गावची हरकत आलीय की." त्यानं कारकुनाला फाइल आणायला लावली. आत आमच्या गावचा कागद होता. या मसुद्याची मराठी प्रत मिळेपर्यंत गाव तो वाचणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली सह्या. तिसरी सही माझी. बागेविषयी एक अक्षर नव्हतं.

"ही हरकत आम्ही नोंदवून घेतलीय," अधिकारी म्हणाला.

आमचं गाव बेळगावला लागून, येळ्ळूरच्या बाजूला. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून तिथं एक रीत आहे. कन्नडमधली नोटीस आली की ती घ्यायची नाही. मराठीत द्या, असं लिहून परत पाठवायची. माझे दीर या कामात सगळ्यांच्या पुढं. चाळीस वर्षांत एक मोर्चा त्यांनी चुकवलेला नाही. रोज सकाळी सलूनमध्ये बसून कन्नड पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण नोटीस वाचत नाहीत.

तो नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा माझी सून त्याच्यापुढं थांबली होती. तिचं माहेर गोकाककडचं, शाळा कन्नड. दिरांनी तिला बघितलं.

"वाचू नगंस गं. वाचलं म्हंजे मान्य केलं."

"आप्पा, नुसतं बघाय लागलेय." घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मी तेवढी भावजी म्हणते.

"बघायचं तर लांबनं बघ."

तिनं लांबून बघितलं. लांबून सगळं हिरवंगार दिसत होतं. आणि मी पंचायतीत जाऊन सही केली. मी चौथी शिकलेय, सही मला चांगली येते, आणि ती करायला कुणी बोलावलं की मी जाते.

कागद मराठीत मिळायला पाहिजे, हे मी आजही म्हणते. एक प्रत मराठीत लावली असती तर ऑफिसचं काही अडलं नसतं. त्यांनी मराठी लावली नाही, आम्ही कन्नड वाचली नाही. दोघांच्या ताठ्यात बाग माझ्या चुलीवर येऊन बसली.

यातून एक वाट होती. जागेचा वापर बदलून मागायचा. बागेऐवजी रहिवासी. त्याला उतारा, घराचा फोटो, घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि उताऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांचं संमतिपत्र लागत होतं. नवरा गेल्यापासून उताऱ्यावर नावं दोन, माझं आणि दिरांचं. ते पुढच्या खोलीत राहतात. पोखरलेली तुळई त्यांच्या डोक्यावर नाही. संमतिपत्राचा नमुना कन्नडमध्ये होता.

सुनेनं सगळं भरलं. जेवण झाल्यावर मी ते दिरांच्या पुढं ठेवलं.

"सही करा, भावजी."

"मराठीत आणा, करतो."

"मराठीत असतंय व्हय हे?"

"न्हाय ना? म्हणून तर भांडाय लागलोय."

"तुम्ही भांडा की. मी मोडक्या तुळईखाली निजतेय."

"वैनी, चाळीस वर्सं एकाबी कन्नड कागदावर सही केली न्हाय मी."

सून भांडी गोळा करत होती. ती म्हणाली, "रेशनकार्डाच्या अर्जावर केलीसा, आप्पा. लाइटच्या केलीसा. म्हशीच्या विम्याचा कागद काढू का?"

"ते येगळं. म्हशीला भाषा नसती."

दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. जेवायला मात्र वेळेवर येत होते. तिसऱ्या दिवशी सही केलेला कागद माझ्या डब्यांच्या फळीवर ठेवलेला सापडला. सहीच्या वर त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "मराठी नमुना न दिल्याबद्दल निषेध नोंदवून." आम्ही तो तसाच दिला. तीन आठवड्यांनी परत आला. निषेधासह दिलेली संमती धरता येत नाही, सहहिस्सेदारानं स्वतः हजर राहावं.

ते हजर राहिले. धुतलेली टोपी घालून. अधिकाऱ्याच्या समोर बसून त्यांनी, मला कन्नड येत नाही म्हणून मी सही करू शकत नाही, हे कन्नडमध्ये सांगितलं. कुठं अडखळले नाहीत. अर्धा तास बोलले. अधिकारी मराठीत उत्तरं देत होता. असं ते दोघं समोरच्याच्या भाषेत बोलत बसले आणि मागं कुणीच सरेना.

शेवटी तो म्हणाला, "आजोबा, तुमचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"असणारच," दीर म्हणाले. "तुमच्यासंगं भांडून भांडून आलंय."

मला बसून बसून कंटाळा आला होता. मी म्हटलं, "भावजी, ती तुळई तुमच्या खोलीच्या भिंतीवर टेकलीया. ती पडली तर भिंत घेऊन पडंल."

ते मागं बसलेल्या सुनेकडं वळले. म्हणाले, "व्हय गं?"

"व्हय, आप्पा. तुमची कॉट त्याच भिंतीला हाय."

त्यांनी अधिकाऱ्याकडं एक मागणी केली. अर्ज मिळाल्याची पोच मराठीत पाहिजे. अधिकाऱ्यानं एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं "अर्ज मिळाला" असं लिहून शिक्का मारला. दिरांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि निषेधाशिवाय सही केली. पुढं आठ दिवस ते गावात ती पोच दाखवत फिरत होते. लोक त्यांचं अभिनंदन करत होते. घराचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

मग ऑफिसचा माणूस येऊन टेप लावून मोजून गेला. त्याला चहा दिला. बाग काढून तिथं घर ठेवायला कुणाची हरकत आहे का, म्हणून पंचायतीच्या भिंतीवर महिनाभर नोटीस लागली. एकही हरकत आली नाही. नोटीस कन्नडमध्ये होती.

हुकूम आला तो अर्धा. घराखालची जागा रहिवासी झाली. मागचं परसू बागच राहिलं. आमची म्हैस अजून बागेत बांधलेली असते आणि सून बागेत कपडे वाळत घालते. स्लॅब मृगाच्या आधी ओतून झाला. दिरांची भिंत तेव्हाच पाडून नव्यानं घेतली, आणि गवंडी हलगर्जीपणा करतोय म्हणून ते त्याच्याशी रोज कन्नडमध्ये भांडले.

गावात बाग पडली ती या एका घरावर. त्या घरात आम्ही तिघं होतो, मी, माझी सून आणि माझे दीर. मुलगा गोव्यात नोकरीला असतो. त्याला हे सगळं फोनवर कळलं.