फ्रीजरचं दार उघडताना

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि लातूरच्या आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी मला उन्हाळ्यापुरतं नांदेडच्या विद्यापीठात, एका संशोधन प्रयोगशाळेत पाठवलं. ‘हिची निवड झाली,’ असं त्या सगळ्यांना कौतुकानं सांगत. पण दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वाटायचं, आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, चुकून बोलावलं तुला, जा परत.

अहमदपूरहून निघताना आईनं बसच्या खिडकीतून बजावलं होतं, “लई मोठी माणसं असतेत तिथं. इचारल्याबिगर कशाला हात लावू नको.” तिनं सांगायची गरजच नव्हती. मी काचेच्या बाटल्या धुवायला आनंदानं जायची, कारण बाटली फुटली तर नुसती बाटलीच फुटणार होती. द्रव मोजून थेंब सोडायची पिपेट मात्र कुणी हातात दिली तरच घ्यायची. इंग्रजीत चर्चा चालली की मी मान डोलवायची आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी आपल्याला काही विचारू नये म्हणून खाली बघत राहायची.

सरांचं काम तुरीच्या मुळांवरच्या गाठींवर होतं. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात; गाठ गुलाबी असली की ते जोमात आहेत असं समजायचं. सरांकडे पीएचडी करणाऱ्या देगलूरच्या ताईनं कित्येक हंगाम चाकूर, किल्लारी, उदगीरकडची शेतं फिरून गाठी गोळा केल्या होत्या. त्यांतून वेगळे काढलेले जिवाणू करंगळीएवढ्या नळ्यांत भरून मोठ्या डीप फ्रीजरमध्ये गोठवून ठेवले होते. तिची सगळी पीएचडी त्या फ्रीजरात होती.

मे महिन्यात ताई चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेली. सर परीक्षा घ्यायला लातूरला गेले. प्रयोगशाळेत मी एकटीच. दुपारी वीज गेली. थोड्या वेळानं आली ती अशी, की ट्यूबलाइट एकदम भगभगली. पंखे सुरू झाले, पण फ्रीजर पीं पीं करू लागला. त्याच्या दारावरचा आकडा उणे ऐंशी असायचा. तो उणे सत्तरच्याही वर आला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत चढत होता.

ताईचा फोन लागेना. सरांचा वाजून वाजून बंद झाला. मी फ्रीजरसमोर उभी. दार उघडलं तर आतला गारवा जाणार. नाही उघडलं आणि मोटार खरंच गेली असेल, तर हळूहळू सगळंच जाणार. नळ्या बाहेर काढल्या आणि मागून कळलं की फ्रीजर ठीकच होता, तर? आकडा पन्नासाकडे सरकला तशी मी पळत सुटले.

शेजारच्या विभागात तसाच फ्रीजर होता. पण तिथल्या मॅडमची मला धास्ती होती. प्रयोगाचे, जंतू लागलेले हातमोजे न काढताच दाराची कडी धरली म्हणून त्या मला सगळ्यांसमोर रागावल्या होत्या. मी दारातूनच सांगायला लागले. शब्द मागेपुढे होत होते.

“सरांनी पाठवलं का तुला?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम. फोन उचलत नाहीयेत.”

“मग उद्या काही झालं तर कुणाची जबाबदारी?”

“माझी,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या उठल्या. बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्माकोलचा डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, “चल. एकदा दार उघडलं की थांबायचं नाही. भराभर काढायचं.”

आम्ही दोघी नळ्यांचे डबे काढून त्यांच्या फ्रीजरात हलवू लागलो. शेवटचा खण हिमात घट्ट बसला होता. मी जोर लावून ओढला आणि वरचा डबा निसटला. नळ्या फरशीवर सांडल्या, काहींची झाकणं उडाली. “रडायचं नंतर,” मॅडम म्हणाल्या, “आधी उचल.”

संध्याकाळी सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, सांडलेलंही. ते म्हणाले, “ठीक आहे, येतो मी.” त्या ‘ठीक आहे’चा अर्थ लावत मी जेवलेच नाही.

ताई परत आली. माझ्याशी फार न बोलता तिनं एकेका नळीतला कण जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशांमध्ये पसरवून ठेवला. तुरीचे हे जिवाणू सावकाश वाढतात, डोळ्यांना दिसायला आठवडा तरी जातो. तोवर मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बशा उजेडात धरायची आणि काही दिसत नाही म्हणून पुन्हा ठेवायची. अखेर पांढरे ठिपके दिसू लागले. बहुतेक सगळे जगले होते. उघड्या पडलेल्या नळ्यांत मात्र बुरशी आली, आणि त्यांत ताईला सगळ्यांत आशा असलेला किल्लारीचा जिवाणूही होता.

ती बशी तिनं बराच वेळ हातात धरली. मी ‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, “अगं, बाकीचे हायेत ना. तुरी वर आल्या की परत जाऊ किल्लारीला. तू येशील का?”

पावसाळ्यात, कॉलेजला सुट्टी बघून, मी गेले. शेतात ताईनं खुरपं माझ्या हातात दिलं. मूळ तुटेल या भीतीनं मी वरवरच उकरत होते.

“खोल घाल,” ती म्हणाली, “तुटलं तर दुसरं झाड हाय.”

पहिलं तुटलं. दुसरं मुळासकट निघालं, मातीच्या ढेकळासह, आणि मुळांना गुलाबी गाठी लगडलेल्या होत्या.