दाखल क्रमांक एकशे सतरा

देवाजी खोब्रागडेच्या टेबलावर एक लाकडी बैल असायचा. टीचभर उंचीचा, एक शिंग मोडलेला, पाठीवरचा रंग उडालेला. छापील कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून तो त्यांच्यावर ठेवलेला असे. टेबलावरच्या दुसऱ्या कशालाही हात लावला तर देवाजी काही म्हणत नसे. बैलाला लावला की मान वर करून बघे. लहानपणी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, हाच बैल दोरीने ओढत गावभर फिरवला, एवढंच त्याने सांगितलं होतं. मी थट्टा करायचो, पंचवीस वर्षांचा बाप्या आणि ऑफिसात खेळणं घेऊन बसतो म्हणून.

हे १९८८ सालचं. राजुऱ्याच्या बाजूला एका खाणीच्या कार्यालयात संगणक विभाग निघाला होता आणि मी त्याचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे दोन यंत्रं, एक शिपाई आणि एक एसी. साहेबांच्या केबिनला एसी नव्हता, आमच्या यंत्रांना होता, त्यामुळे दुपारी अर्धं ऑफिस काहीतरी काम काढून आमच्याकडे येऊन बसे. देवाजी आमच्या ऑफिसचा नव्हता. यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीने त्याला नागपूरहून वर्षभरासाठी पाठवलं होतं. आरमोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातला, बौद्ध घरचा. बाप शेतमजुरी करता करता वारला, घरी आई एकटी. बी.एस्सी. करून त्याने नागपुरात संगणकाचा डिप्लोमा केला होता. बोलणं कमी, काम चिवट. मला माणसांचं कौतुक फारसं करता येत नाही, पण एवढं सांगतो की त्याच्या टेबलावरचा चहा कायम गार असे.

त्याचं काम असं होतं. दोन यंत्रं तारेने जोडलेली. डिस्क पहिल्याला. दुसरं सर्वेक्षण विभागात, त्याने पहिल्याच्या डिस्कवरच्या फाइली घरच्यासारख्या वापरायच्या. एखादी फाइल पहिल्यांदा नावाने मागायची; मग पहिलं यंत्र एक चिठ्ठी देई. तिला हँडल म्हणतात. पुढे नाव नको, रस्ता नको, चिठ्ठी दाखवली की फाइल हजर. चिठ्ठीवर डिस्कचा नंबर आणि फाइलचा नंबर, बस्स. पहिलं यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालं तरी जुनी चिठ्ठी चालली पाहिजे, अशी अट. ते सगळं युनिक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, कंपनीने स्वतः लिहून घातलं होतं आणि घाईत घातलं होतं.

राजुऱ्याची वीज दिवसातून तीनदा जाई. यंत्र पुन्हा सुरू झालं की त्याची आठवण कोरी. चिठ्ठीवरून नंबर कळे, पण ही फाइल कुठल्या डिरेक्टरीत, कुठल्या नावाने आहे, ते कळेना. सर्वेक्षणाला फक्त त्यांचीच डिरेक्टरी उघडी होती, बाकी डिस्क बंद. फाइल आतली की बाहेरची हेच समजत नाही म्हटल्यावर यंत्र सरसकट सगळ्यांना नकार देई. मग सर्वेक्षणातला ड्राफ्ट्समन बापूराव उन्हातून चालत येई आणि दारातच म्हणे, ‘‘तुमची मशीन मले वळखत नाई.’’

देवाजीने हे आठ दिवसांत सोडवलं. कसं, ते त्याने मला समजावलं तेव्हा पहिल्यांदाच तो घरच्या बोलीत बोलला.

‘‘धोटेभाऊ, आमच्या गावात नवा मानूस दिसला तं त्याचं नाव कोनी इचारत नाई. कोनाचा तू, असं इचारतात. बाप वळखीचा नसंल तं बाप कोनाचा, कोन्या घरचा, कोन्या गावचा. वळखीचं नाव लागेपर्यंत वर चढत जातात. ते लागलं की मंग खाली उतरतात, अन् मानूस जागेवर बसते.’’

डिरेक्टरीला आपली वरची डिरेक्टरी माहीत असते. साध्या फाइलला आपला बाप माहीत नसतो, म्हणून देवाजीने चिठ्ठीवरच बापाचाही नंबर लिहायला लावला. यंत्र आता बापाकडे जाई, त्याच्या यादीत हा नंबर कोणत्या नावापुढे आहे ते शोधी, मग त्याच्या बापाकडे, असं ओळखीची जागा लागेपर्यंत. वीज जावो की येवो, बापूरावचं येणं बंद झालं. एसीसाठी तो येतच राहिला.

पण एका शनिवारी तो कागद घेऊन आला. बोअर नंबर चौदाचा तक्ता त्याने छापला होता. जमिनीत किती खोलीवर कोणता दगड आणि कुठे कोळसा, असा तो तक्ता असतो. त्यात बेचाळीस मीटरवर छापलं होतं, ‘मुखरू, दुसरी पाळी.’ खाली आणखी चौदा मजूर, आपापल्या पाळ्यांसकट.

मी म्हटलं, ‘‘बापूराव, मुखरूला वर काढा, पाळी संपली असेल त्याची.’’

बापूराव हसला. देवाजी हसला नाही. त्याने कागद बैलाखाली ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे बघत बसला. संध्याकाळी उलगडा झाला. बोअर चौदाची जुनी फाइल गुरुवारी पुसली गेली होती. तिचा नंबर मोकळा झाला आणि त्याच डिरेक्टरीत तयार झालेल्या मजुरांच्या यादीला तोच मिळाला. बापूरावच्या यंत्राकडे चिठ्ठी जुनीच. नंबर जुळला, बापही जुळला, यंत्राने दिली फाइल काढून.

देवाजीने मग प्रत्येक नंबराला एक पिढी जोडली. नंबर नव्या फाइलला दिला की पिढी एकाने वाढायची, आणि चिठ्ठीवरही ती लिहायची. पिढी जुळली नाही तर यंत्राने स्वच्छ सांगायचं, तुम्ही मागता ती फाइल आता नाही.

मी म्हटलं, ‘‘लोक ओरडतील.’’

‘‘ओरडू द्या. दुसऱ्याची देन्यापरीस नाई म्हनलेलं बरं.’’

त्याच महिन्यात आमच्याकडे प्रोग्रामरची पक्की जागा निघाली. पगार, क्वार्टर, सगळं. कंपनी डिसेंबरनंतर देवाजीला मुंबईला धाडणार होती आणि आईला सोडून इतकं लांब जायची त्याची तयारी नव्हती. ही जागा मिळाली तर आई क्वार्टरमध्ये राहायला येणार होती. मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोन दिवस भरला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेचा दाखला आणून माझ्यापुढे ठेवला.

दाखल क्रमांक ११७. देवाजी लहानू खोब्रागडे. जन्म १ जून १९५७.

जागेला वयाची अट तीस होती. दाखल्याप्रमाणे तो एकतीस पूर्ण. खाण केंद्र सरकारची, आणि नवबौद्धांना केंद्राच्या नोकरीत तेव्हा वयाची सूट नव्हती. मी विचारलं, ‘‘तू पंचवीसचा ना रे?’’

तो म्हणाला, ‘‘मी पंचवीसचाच. हा माझा भाऊ.’’

थोरला देवाजी सत्तावन्नचा. बासष्टच्या जूनमध्ये शाळेत घातला आणि त्याच पावसाळ्यात गेला. आई तेव्हा पोटुशी होती. त्रेसष्टच्या फेब्रुवारीत हा झाला. आई म्हणाली, गेलेला परत आला, आणि तेच नाव ठेवलं. बाप धम्म घेतलेला, त्याला हे परत येणं पटत नव्हतं, पण तो आईपुढे बोलला नाही. पाच वर्षांनी पोराला शाळेत नेलं तेव्हा मास्तरांनी रजिस्टर उघडलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच. त्यांना वाटलं, पाच-सहा वर्षं दांडी मारून उगवला. त्यांनी जुन्याच नंबरापुढे ‘पुन्हा हजर’ लिहिलं. अंगाने बारीक आहे, कुपोषण असेल, असंही म्हणाले म्हणतात.

ज्याने यंत्राची ही चूक एका दिवसात हुडकली, त्याच्या स्वतःच्या नावावर तीच चूक वीस वर्षं चालत आली होती. मी तसं बोलून दाखवलं. ‘‘मले माहीत आहे ते,’’ देवाजी म्हणाला आणि दाखला घडी घालून खिशात ठेवला.

मी चौकशी केली. कोतवालाच्या वहीत दोन्ही वर्षी जन्माची नोंद होती, पण तिथे ‘लहानू खोब्रागडे यास मुलगा’ एवढंच. नाव कोणीच लिहीत नसे. मरणाची नोंद कोणी केलीच नव्हती. म्हणजे पहिला देवाजी मेला हे आईने तहसील कचेरीत सांगायला हवं होतं, गावातला एक साक्षीदार घेऊन. देवाजी नको म्हणत होता. मीच हट्ट धरला. तीन एसट्या बदलून आम्ही त्याच्या गावी गेलो.

चावडीपाशी इस्तारीभाऊ बसले होते, साक्षीदार तेच. त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

‘‘कोनाचे तुमी?’’

वडिलांचं नाव सांगितलं. ओळख लागेना. वरोऱ्यात कुठी, आजा कोण, आई कुठली. आईचं माहेर मूल म्हणताच ते थांबले. ‘‘आनिकराव धानवाल्याची पोरगी का? आरमोरीच्या बाजारात यायचा तो.’’ आनिकराव माझा आजा. लगेच सतरंजी आली, चहा आला. कर्नलचं काम चालताना मी तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

देवाजीची आई, गिरजाबाई, दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर आरमोरीला आली. धुवट पातळ, हातात पिशवी. कशासाठी चाललो ते देवाजीने तिला सांगितलं होतं आणि ती नुसती हो म्हणाली होती. नायब तहसीलदार भला माणूस होता. त्याने कागद पुढे ओढला.

‘‘तुमचा पहिला मुलगा, देवाजी, कधी वारला?’’

‘‘वारला नाई,’’ गिरजाबाई म्हणाली. ‘‘हा काय उभा आहे.’’

साहेबाने पेन खाली ठेवलं. इस्तारीभाऊ जमिनीकडे बघू लागले. देवाजी पुढे झाला. ‘‘राहू द्या साहेब. चाल माय, घरी जाऊ.’’

ती उठली नाही. त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘‘हे नाई सांगतलं तं तुले नौकरी भेटत नाई का?’’

उत्तर मी दिलं. ‘‘नाही भेटणार, बाई.’’

मग तिने सांगितलं. एका सुरात, साहेबाकडे न बघता.

‘‘तान्हा पोळा होता. शुक्रवार. सकाळी बैल घेऊन गेला पोरांसंगं. वापस आला तं आंग तापलं होतं. बैल त्याच्या बापानं सुतारापासून घेतला होता, त्यानं दाराले आपटून शिंग मोडलं, म्हनून बाप खवळला होता त्याच्यावर. बैल घेऊनच झोपला. दिवस बुडता बुडता गेला.’’ आणि शेवटी म्हणाली, ‘‘देवाजी गेला.’’

साहेबाने लिहिलं. अंगठा पहिल्यांदा नीट उठला नाही, पुन्हा घ्यावा लागला. बोटाची शाई तिने केसांना पुसली. मी देवाजीकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. बैलाचं शिंग आपणच लहानपणी मोडलं असा त्याचा समज होता, हे त्याने मला परतीच्या एसटीत सांगितलं.

कागद फिरले, दाखला सुधारला, फेब्रुवारीत देवाजी पक्का झाला. क्वार्टर मिळालं. आई मात्र आज येते, उद्या येते करत राहिली. तिची पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर येत. शेजारची रंभाबाई लिहून देई, आणि पोस्टकार्ड असल्यामुळे ती शिपायापासून माझ्यापर्यंत सगळे वाचत. पूर्वी प्रत्येक कार्ड ‘चि. देवाजीस जयभीम’ असं सुरू व्हायचं. कचेरीतून आल्यानंतरच्या एकाही कार्डात ते नाव नव्हतं. नुसतं ‘चि. मुलास जयभीम’. गावी गेला तरी आता ती बापू म्हणते, असं त्याने एकदा सहज सांगितलं. मला वाईट वाटलं. नोकरी त्याला हवी होती हे खरं, पण तिकडे ओढून नेणारा मी होतो.

ऑगस्टात एक कार्ड आलं. शिपायाने माझ्याकडे दिलं, मी वाचलं आणि देवाजीच्या टेबलावर ठेवलं.

‘चि. मुलास जयभीम. मी बरी आहे. धान लावून झालं. तान्ह्या पोळ्याले घरी येजो. तुह्यापाशी देवाजीचा बैल असंल, तो आठवनीनं घेऊन येजो. मंग मी तुह्यासंगं रायाले येतो.’

देवाजीने ते दोनदा वाचलं. कागदांवरचा बैल उचलला, रुमालाने पुसला आणि पिशवीत ठेवला. एसीच्या वाऱ्याने कागद फडफडू लागले तेव्हा मी माझं स्टेपलर त्यांच्यावर ठेवलं.